सोन्याचे कण, पॉलिमर सोलर सेल आणि वाढलेला करंट: एक प्रकरण अभ्यास

महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग, तिथली पातळ थरांवर काम करणारी छोटी प्रयोगशाळा आणि पीएचडीच्या मध्यावर आलेली एक विद्यार्थिनी, एवढ्या परिघात हे प्रकरण घडलं. ओळख पटू नये म्हणून संस्था, माणसं आणि काळ यांचे तपशील गाळले आहेत. सेलची रीडिंग जवळच्या आकड्याला आणून दिली आहेत. मी त्या कामात थेट नव्हतो, पण विभागातल्या चर्चांना हजर होतो आणि त्यातले बरेच आलेख पाहिलेले आहेत.

पार्श्वभूमी

वीज वाहणाऱ्या पॉलिमरच्या शोधासाठी हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना २००० साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच घराण्यातलं पी३एचटी हे पॉलिमर आणि फुलरीन या कार्बनच्या गोल रेणूपासून बनवलेलं पीसीबीएम यांचं मिश्रण म्हणजे पॉलिमर सोलर सेलची बाराखडी. त्या काळी कामाला सुरुवात करणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळा याच जोडीपासून करत. आयटीओ या वीज वाहणाऱ्या ऑक्साइडचा पारदर्शक थर असलेली काच, तिच्यावर पेडॉट-पीएसएस या वाहक पॉलिमरचा तीस-चाळीस नॅनोमीटरचा बफर थर, मग मिश्रणाचा सक्रिय थर आणि शेवटी निर्वातात बाष्पीभवन करून चढवलेलं ॲल्युमिनियम, अशी ही रचना असते. नीट जमलेला सेल तीन-साडेतीन टक्के कार्यक्षमता देतो.

अडचण सक्रिय थराच्या जाडीत आहे. प्रकाश पडल्यावर पॉलिमरमध्ये जो एक्सायटॉन, म्हणजे धन आणि ऋण भारांची बांधलेली जोडी, तयार होतो तो जेमतेम दहा नॅनोमीटर सरकतो आणि विझतो. त्याआधी त्याला दोन पदार्थांची सीमा भेटायला हवी. मिश्रण केल्याने हा प्रश्न बऱ्यापैकी सुटतो. पण सुटे झालेले विद्युतभारही पॉलिमरमध्ये रेंगाळतच चालतात. थर जाड केला तर प्रकाश जास्त शोषला जातो, मात्र भार इलेक्ट्रोडपर्यंत पोचण्याआधीच एकमेकांना गाठून संपतात. म्हणून थर शंभर ते दोनशे नॅनोमीटरच्या आसपास ठेवावा लागतो आणि आलेल्या प्रकाशाचा काही हिस्सा वाया जातो.

इथे धातूच्या नॅनोकणांचा मोह सुरू होतो. सोन्याच्या किंवा चांदीच्या कणातले मोकळे इलेक्ट्रॉन ठरावीक रंगाच्या प्रकाशात एकत्र डोलू लागतात. यालाच प्लाझमॉन अनुनाद म्हणतात. पाण्यातल्या सोन्याच्या छोट्या गोल कणांसाठी तो ५२० नॅनोमीटरच्या आसपास येतो, चांदीसाठी ४०० च्या. अशा कणाकडून दोन फायदे अपेक्षित असतात. एक, कणाच्या अगदी लगत विद्युतक्षेत्र तीव्र होतं आणि तिथल्या पॉलिमरचं शोषण वाढतं. दोन, कण मोठा असेल तर तो प्रकाश तिरका विखुरतो आणि प्रकाशाची थरातली वाट लांबते. म्हणजे जाडी न वाढवता शोषण वाढेल. २०११ च्या आसपास या विषयावर पेपरांचा पाऊस पडत होता. हीगर यांच्या गटाने सुमारे सत्तर नॅनोमीटरचे सोन्याचे कण थेट सक्रिय थरात मिसळून पी३एचटीच्या सेलची कार्यक्षमता साडेतीन टक्क्यांवरून सव्वाचारच्या पुढे नेल्याचं याच काळात प्रसिद्ध झालं. पेडॉट-पीएसएसमध्ये कण घालून वाढ मिळाल्याचे पेपरही होतेच.

आपल्या विद्यार्थिनीने हे सगळं वाचलं होतं. प्रयोगशाळेत काच गरगर फिरवून पातळ थर पसरवणारा स्पिन कोटर, नायट्रोजनचा ग्लोव्ह बॉक्स, बाष्पीभवनाचं यंत्र आणि सूर्यासारखा प्रकाश पाडणारा सोलर सिम्युलेटर होता. प्रत्येक तरंगलांबीला शंभर फोटॉनमागे किती इलेक्ट्रॉन मिळतात ते मोजणारं, म्हणजे ईक्यूईचं यंत्र नव्हतं. त्यासाठी दुसऱ्या संस्थेत नंबर लावावा लागे. या एका गोष्टीचा पुढे बराच परिणाम झाला.

कण कुठे घालायचे

पहिला निर्णय जागेचा होता आणि तो फार चर्चा न होता झाला.

सक्रिय थरातच कण घातले तर पॉलिमर कणाला चिकटून राहतं आणि तीव्र क्षेत्राचा फायदा थेट मिळतो. पण उघड्या धातूला टेकलेला एक्सायटॉन तिथेच विझण्याची भीती असते, शिवाय धातूचा कण दोन्ही प्रकारच्या भारांना पकडून त्यांची गाठ घालून देतो. कणावर सिलिकाचं पातळ कवच चढवलं तर हे टळतं. सिलिका जमवण्याची मूळ पद्धत १९६८ पासून माहीत आहे, पण कवच दोन-तीन नॅनोमीटरचं आणि सगळीकडे सारखं येणं हे हातखंड्याचं काम आहे. त्यातही पाण्यात बनलेले कण पॉलिमर ज्यात विरघळतं त्या क्लोरोबेन्झीनमध्ये न्यायचे म्हणजे कणांचा पृष्ठभाग पुन्हा बदलणं आलं.

दुसरा पर्याय आयटीओवर थेट धातूची बेटं बसवण्याचा होता. बाष्पीभवनाचं यंत्र हाताशी असल्याने तोही शक्य होता. पण बेटांचा आकार आणि अंतर यांच्यावर ताबा राहत नाही, म्हणून तो मागे पडला.

तिसरा पर्याय सगळ्यांत सोपा. पेडॉट-पीएसएस पाण्यात असतं, सोन्याचे कणही पाण्यातच बनतात, तर एकात दुसरं ओतायचं. सक्रिय थराला हातही लागत नाही. गाइड मॅडमनी हाच मान्य केला. फेलोशिपचा काळ मोजका असताना हा निर्णय समजण्यासारखा आहे. फक्त त्या वेळी "सोपं आहे" आणि "काम करेल" या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचं कोणी बोलून दाखवलं नाही. बफर थरातला कण सक्रिय थरापासून किती दूर राहणार, हा प्रश्न त्या बैठकीत निघालाच नाही.

कण टर्केविच पद्धतीने बनवले. काचेची भांडी आधी अम्लराजाने धुऊन घेतलेली. एक मिलिमोलर क्लोरोऑरिक आम्ल उकळत ठेवायचं आणि त्यात सोडियम सायट्रेट ओतायचं. फिकट पिवळं द्रावण आधी रंगहीन होतं, मग क्षणभर काळपट निळं आणि मग डाळिंबाच्या रसासारखं लाल. पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण फोटो काढतो, तिनेही काढले. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली कण साधारण पंधरा नॅनोमीटरचे आणि बऱ्यापैकी सारखे दिसले. पेडॉट-पीएसएसच्या दहा भागांत या द्रावणाचा एक भाग मिसळून सेल बनवायचं ठरलं.

पहिला निकाल

साध्या सेलमध्ये करंट चौरस सेंटिमीटरला साडेआठ मिलिअँपिअर, व्होल्टेज ०.६, फिल फॅक्टर (या दोघांच्या गुणाकारातला प्रत्यक्ष हाती येणारा वाटा) ०.६०, म्हणजे कार्यक्षमता ३.१ टक्के. सोन्याच्या सेलमध्ये व्होल्टेज तेच राहिलं, करंट ९.७ वर गेला, फिल फॅक्टर ०.६२ झाला आणि कार्यक्षमता ३.६ टक्के. जवळजवळ अठरा टक्क्यांची वाढ. एकाच सेलमध्ये नाही, त्या बॅचच्या बहुतेक सेलमध्ये.

अशा वेळी प्रयोगशाळेत काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पेढे येतात. पेपरचा मसुदाही लगेच सुरू झाला. शीर्षकात प्लाझमॉन होता. पहिल्या आकृतीत कणाभोवती तीव्र क्षेत्राची लाल-पिवळी वर्तुळं होती. ती दुसऱ्या एका सॉफ्टवेअरमधून काढलेली, हवेतल्या एकट्या कणाची.

मसुद्यात वाढीचं कारण तीन वाक्यांत उरकलं होतं: सोन्याचा अनुनाद ५२० ला, पी३एचटीचं शोषणही साडेचारशे ते सहाशेच्या पट्ट्यात, म्हणून प्लाझमॉनमुळे शोषण वाढलं. हे ऐकायला पटतं. पण हाच मुद्दा उलटाही वाचता येतो. सोन्याचा छोटा कण जो प्रकाश खातो त्याची उष्णता होते, वीज नाही. पॉलिमर ज्या रंगावर जगतं नेमका तोच रंग वाटेत बसून खाणारा कण हा मदतनीस आहे की वाटेकरी, हे आधी ठरवायला हवं होतं.

शंका कुठून आली

मसुदा सहमार्गदर्शकांकडे गेला. ते रसायनशास्त्राचे. त्यांनी वाचून एकच प्रश्न विचारला, "दर चौरस मायक्रोमीटरला किती कण आहेत?"

"सर, ते एसईएम मायक्रोस्कोपमध्ये नीट दिसत नाहीत. कण लहान आहेत."

"दिसत नसले तर मोजता येतील. बस, आत्ता करू."

हिशेब पाठकोऱ्या कागदावर झाला. पंधरा नॅनोमीटरच्या कणात सोन्याचे सुमारे एक लाख अणू. एक मिलिमोलर द्रावणात मग प्रत्येक मिलिलिटरला सहा लाख कोटींच्या आसपास कण. ते दहापट पातळ झाले. पेडॉट-पीएसएसमध्ये घन पदार्थ दीड टक्क्याच्या घरात, म्हणजे पस्तीस नॅनोमीटरचा सुका थर हा साधारण सव्वादोन मायक्रोमीटर ओल्या द्रावणाचा अवशेष. गुणाकार केल्यावर उत्तर आलं: एका चौरस मायक्रोमीटरला एखादा, फार तर दीड कण. त्या कणाची सावली त्या जागेच्या एका हजारांश भागाइतकीसुद्धा नाही.

करंट मात्र चौदा टक्के वाढला होता. प्रत्येक कणाने स्वतःच्या सावलीच्या शेकडो पट जागेतला प्रकाश ओढून आणला असता तरच हे जमतं. पंधरा नॅनोमीटरचं सोनं असं काही करत नाही. कणाचा आकार पाचपट केला तर शोषण सव्वाशेपट वाढतं आणि विखुरणं पंधरा हजारांहून जास्त पट. म्हणजे उलट बाजूने पाहिलं तर छोट्या कणात विखुरणं जवळजवळ नसतंच. राहिलं लगतचं तीव्र क्षेत्र. ते कणाच्या त्रिज्येएवढ्या अंतरात ओसरतं, आणि आपला कण पस्तीस नॅनोमीटरच्या बफर थरात कुठेतरी रुतलेला.

हिशेब चुकलेला असू शकतो, वाळताना कण एका पातळीवर गोळा झाले असतील, असं मॅडमचं म्हणणं होतं. ते रास्तच होतं. म्हणून वाद कागदावर न मिटवता दोन गोष्टी तपासायच्या ठरल्या.

पहिली, कण त्या बफरमध्ये सुखरूप आहेत का? पेडॉट-पीएसएस चांगलंच आम्लधर्मी असतं, त्याचा पीएच एक ते दोन. सायट्रेटने वेढलेले कण एकमेकांपासून दूर राहतात ते ऋणभारामुळे. आम्लात सायट्रेटचा भार निघून जातो. पेडॉट-पीएसएसची शाई मुळात गडद निळी, त्यामुळे तिच्यात लाल द्रावण ओतल्यावर काय बिघडलं ते डोळ्यांना कळत नाही. म्हणून विद्यार्थिनीने तेवढ्याच आंबट केलेल्या साध्या पाण्यात, म्हणजे पाण्यात थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून, कणांचे काही थेंब सोडले. लाल रंग बघता बघता जांभळा झाला, मग निळसर करडा, आणि थोड्या वेळाने टेस्टट्यूबच्या तळाशी काळसर भुकटी बसली. शाईतलं पॉलिमर कणांना थोडंफार सांभाळून घेतं हे खरं, पण फ्रीजमध्ये रात्रभर ठेवलेल्या मिश्रणाच्या फिल्ममध्ये मायक्रोस्कोपखाली कणांचे पुंजके स्पष्ट दिसले. ज्या एकट्या, गोल कणाची रंगीत आकृती मसुद्यात होती, तो तिथे फारसा उरलाच नव्हता.

दुसरी गोष्ट ईक्यूईची. नंबर लागून रीडिंग आली तेव्हा तरंगलांबीनुसार बेरीज करून करंट काढला. साध्या सेलचा आठ आला, सोन्याच्या सेलचा ८.३. सिम्युलेटरखाली याच सेलचे आकडे ८.५ आणि ९.७ होते. साध्या सेलमधला फरक खपून जाण्यासारखा होता. सोन्याच्या सेलमध्ये जवळजवळ दीड मिलिअँपिअर कुठून तरी जास्तीचे येत होते. शिवाय जी काही वाढ ईक्यूईत होती ती चारशेपासून सहाशेच्या पुढेपर्यंत एकसारखी पसरलेली. ५२०-५५० च्या आसपास उंचवट्याचं नाव नाही. प्लाझमॉनची वाढ असेल तर तिच्यावर त्या रंगाची सही असायला हवी.

पेपर पाठवायचा की नाही

खरा निर्णयाचा क्षण हा. तीन मतं होती आणि तिन्ही बोलून दाखवली गेली, हे या गटाचं वैशिष्ट्य म्हणावं लागेल.

एक मत असं की पेपर आहे तसा पाठवावा. छापून आलेल्या अनेक पेपरांत यापेक्षा कमी तपासणी आहे, रिव्ह्यूअरने विचारलं तर उत्तर देऊ. फेलोशिप संपायच्या आत नावावर एक पेपर असणं विद्यार्थिनीसाठी महत्त्वाचं आहे. हे मत एका सीनिअरचं होतं आणि त्याला मी दोष देणार नाही. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत हा हिशेब रोज करावा लागतो.

दुसरं मत, प्लाझमॉन हा शब्द काढून "कार्यक्षमता वाढली" एवढंच लिहावं. वरवर हे प्रामाणिक दिसतं. पण वाढ खरीच आहे की मोजणीतली, हेच पक्कं नसताना शब्द काढून काही साधत नाही.

तिसरं मत सहमार्गदर्शकांचं: आधी कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे, सेल बनवावेत, मग काय लिहायचं ते ठरवावं. विद्यार्थिनी सुरुवातीला गप्प होती. मग तिनेच विचारलं, "मॅडम, सोनं काढून टाकून बाकी सगळं तसंच ठेवता येईल का?" मॅडम म्हणाल्या, "ते कसं करशील ते लिहून आण." पेपर थांबला.

काय केलं

कंट्रोलची कल्पना साधी होती. सोन्याचं द्रावण बफरमध्ये ओतताना सोन्याशिवाय आणखी दोन गोष्टी आत जातात: पाणी आणि सायट्रेट. पाण्याने शाई पातळ होते आणि थराची जाडी बदलते. सायट्रेट हे सोडियमचं क्षार आहे, ते शाईचा आंबटपणा आणि थराची वाहकता दोन्हींत ढवळाढवळ करू शकतं. तेव्हा एकाच दिवशी, एकाच मिश्रणातून चार प्रकारचे सेल बनवायचे ठरले. एक, साधा पेडॉट-पीएसएस. दोन, तेवढंच शुद्ध पाणी घातलेला. तीन, सोन्याचं द्रावण सेंट्रिफ्यूज करून कण तळाशी बसल्यावर वरचं निवळ पाणी घातलेला, म्हणजे सायट्रेट आहे पण सोनं नाही. चार, सोन्यासह.

एकाच दिवशी हा आग्रह महत्त्वाचा होता. पावसाळ्यात बनवलेली बॅच आणि हिवाळ्यातली बॅच यांच्यात जो फरक पडतो तो सोन्याच्या फरकापेक्षा मोठा असू शकतो. पेडॉट-पीएसएस हवेतला ओलावा पितं आणि ही प्रयोगशाळा ते ग्लोव्ह बॉक्सच्या बाहेर स्पिन करते.

दुसरा बदल मोजणीत केला. या सेलचं क्षेत्रफळ म्हणजे आयटीओची पट्टी आणि ॲल्युमिनियमची पट्टी जिथे एकमेकींवर येतात तो दोन मिलिमीटर लांबी-रुंदीचा चौकोन. पण पेडॉट-पीएसएस आणि पॉलिमर काचेवर सगळीकडे पसरलेले असतात. ॲल्युमिनियमखाली पण आयटीओच्या बाहेर जो भाग आहे, तिथे तयार झालेले भार बफर थरातून आडवे सरकत आयटीओपर्यंत पोचले तर तेही करंटमध्ये मोजले जातात. भागाकार मात्र चार चौरस मिलिमीटरनेच होतो. बफर आडवा जितका जास्त वाहक, तितकी ही फुकटची कमाई जास्त. ईक्यूईच्या यंत्रात प्रकाशाचा ठिपका चौकोनाच्या आत असतो, म्हणून तिथे हा घोळ होत नाही. उपाय म्हणजे सेलच्या तोंडावर मोजक्या छिद्राचा काळा धातूचा मास्क. वर्कशॉपमधून तो पातळ पत्र्यात कापून आणला.

मास्क लावल्यावर साधा सेल ८.१ मिलिअँपिअरवर आला, कार्यक्षमता २.९. सोन्याचा सेल ९.७ वरून ८.६ वर घसरला, कार्यक्षमता ३.२. अठरा टक्क्यांची वाढ दहावर आली.

मग इतर दोन. नुसत्या पाण्याचा सेल तीन टक्के. आणि निवळ पाण्याचा, ज्यात सोन्याचा मागमूस नव्हता, तो ३.२ च्या काठावर. सोन्याचा आणि निवळ पाण्याचा सेल यांच्यातला फरक एकाच बॅचमधल्या दोन सारख्या सेलमध्ये असतो त्याहून कमी होता. मास्क न लावता निवळ पाण्याचा सेलही सोन्याच्या सेलसारखाच फुगून दिसे.

चार टोकांच्या पद्धतीने वाहकता मोजल्यावर सायट्रेट घातलेला थर साध्याहून जास्त वाहक निघाला, जाडीही कमी होती. म्हणजे वाढ झाली होती ती विजेच्या वाटेत. प्रकाशाशी तिचा संबंध नव्हता. हाँगकाँगच्या एका गटाने २०११ मध्येच बफर थरातल्या सोन्याबद्दल असा इशारा दिला होता: तीव्र क्षेत्र बफरमध्येच आडवं पसरतं, सक्रिय थरात फारसं उतरत नाही, आणि फायदा मुख्यतः विद्युत स्वरूपाचा आहे. तो पेपर मसुद्याच्या संदर्भांत होता, पण वाढीचे आकडे देणाऱ्या ओळीत.

शेवटचा प्रयत्न कणांना न्याय देण्यासाठी केला. कणांवर पीव्हीपी या पॉलिमरचं आवरण चढवून, सेंट्रिफ्यूजने धुऊन सायट्रेट काढून टाकलं आणि कण कितीतरी पट दाट करून घातले. आता आम्लात रंग टिकत होता, थरात कण सुटे होते. करंट पाण्याच्या कंट्रोलइतकाच. कणांचं प्रमाण आणखी वाढवलं तेव्हा फिल फॅक्टर घसरला आणि काही सेल शॉर्ट झाले.

निष्पत्ती

जुना मसुदा बाजूला पडला. नवा पेपर सायट्रेटमुळे बफर थरात होणाऱ्या बदलांवर लिहिला गेला, चारही प्रकारच्या सेलसह. तो तुलनेने साध्या नियतकालिकात आला आणि त्याला वेळ लागला. विद्यार्थिनीच्या प्रबंधात सोन्याचं प्रकरण "बफर थरातील छोट्या कणांचा प्रकाशीय परिणाम आढळला नाही" या निष्कर्षासह राहिलं. व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकांनी सगळ्यांत जास्त वेळ त्याच प्रकरणावर घालवला, आणि निवळ पाण्याच्या सेलबद्दल ते खुश होते.

नुकसानही झालंच. मधले कित्येक महिने गेले. प्लाझमॉनचं म्हणून मागितलेलं प्रकल्प-अनुदान पुढच्या वर्षी वेगळ्या विषयावर मागावं लागलं. आणि याच काळात या क्षेत्राची मुख्य वाट दुसरीकडे वळली. २०१५ मध्ये आयटीआयसी आणि २०१९ मध्ये वाय६ हे फुलरीनशिवायचे नवे रेणू आले. वाय६ ने सेलची कार्यक्षमता एका झटक्यात पंधरा टक्क्यांच्या पुढे नेली. रेणू बदलून एवढी उडी मिळत असेल तर पी३एचटीमध्ये सोनं घालून अर्धा टक्का शोधण्यात किती आयुष्य घालवावं, हा माझ्या मते रास्त प्रश्न आहे. विभागात सगळ्यांना तो पटलेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पाठकोऱ्या कागदावरचा हिशेब पहिल्याच दिवशी करता आला असता. त्यासाठी लागणारी माहिती, म्हणजे कणाचा व्यास, द्रावणाची तीव्रता आणि थराची जाडी, सेल बनवण्याआधीच हातात होती. हिशेब झाला असता तर दोनपैकी एक निर्णय नक्की झाला असता: कण मोठे घ्यायचे, किंवा जागा बदलायची. साठ-सत्तर नॅनोमीटरचा कण पस्तीसच्या बफरमध्ये मावत नाही, तो वर डोकं काढतो आणि शॉर्टची भीती वाढते. म्हणजे जागेचा निर्णय पुन्हा उघडावाच लागला असता, आणि सिलिकाचं कवच शिकण्यात घातलेला वेळ कदाचित सत्कारणी लागला असता.

धातूची निवडही सवयीने झाली. पी३एचटी साडेसहाशेच्या पलीकडे प्रकाश शोषत नाही, आणि ५२० ला ते स्वतःच भरपूर शोषतं. तिथे मदतीची गरज सर्वांत कमी. मदत हवी ती शोषण जिथे उतरणीला लागतं तिथे, सहाशेच्या पुढे. त्यासाठी गोल कणांऐवजी सोन्याच्या आखूड कांड्या घेता आल्या असत्या, कारण कांडी जितकी लांबट तितका तिचा अनुनाद तांबड्याकडे सरकतो. त्यांचं रसायन अवघड असतं आणि त्यांच्यावरचा साबणासारखा थर धुऊन काढणं हे वेगळंच दुखणं आहे. तरी निदान प्रश्न योग्य जागी विचारला गेला असता.

मास्कबद्दल मी जरा कडक बोलेन. मास्क न लावता मोजलेला करंट हा सेलचा करंट नाही. पत्र्याच्या तुकड्याला खर्च जवळजवळ शून्य. तरीही तो टाळला जातो, कारण मास्क लावला की सगळेच आकडे खाली येतात आणि आधीच्या प्रबंधांतल्या आकड्यांशी तुलना करणं अवघड होतं. या प्रयोगशाळेत आता मास्क सिम्युलेटरच्या टेबलाला साखळीने बांधलेला आहे.

ईक्यूईचा नंबर उशिरा लागला ही अडचण खरी होती. पण क्रम बदलता आला असता. पेपर लिहायला घेण्याआधी एक साधा आणि एक सोन्याचा, असे दोन सेल सील करून पाठवले असते तर आकड्यांतली तफावत मसुद्याच्या आधीच दिसली असती.

कंट्रोलच्या बाबतीत विद्यार्थिनीने स्वतः एक सुधारणा सुचवली आणि ती पुढच्या बॅचपासून लागू आहे. द्रावण धुताना निघणारं प्रत्येक निवळ पाणी ती तारीख घालून ठेवते. नव्या कणांची चाचणी सुरू करायच्या आधी त्याच कुपीतल्या पाण्याचा सेल बनतो. पीव्हीपीच्या कणांचा एक प्रश्न मात्र अजून तसाच पडून आहे. प्रमाण वाढवल्यावर फिल फॅक्टर घसरतो तो सोन्यामुळे की आवरणाच्या पीव्हीपीमुळे, हे वेगळं करायला नुसत्या पीव्हीपीचा सेल बनवावा लागेल. तो अजून कोणी बनवलेला नाही.